चारशे सोळाला शून्य

अन्याय झाला माझ्या मैत्रिणीवर. कधी झाला तेही सांगते. दोन हजार दोन साली, दसऱ्याची सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या पहिल्या दिवशी, तिसऱ्या तासाला, रसायनशास्त्राचे तपासलेले पेपर वाटले तेव्हा. ठिकाण हिंगोलीतलं आमचं ज्युनिअर कॉलेज, बारावी सायन्स, मुलींच्या बाजूचा शेवटून दुसरा बाक. तिचं उत्तर बरोबर होतं. त्यावर लाल पेनानं आडवी रेघ होती आणि समासात शून्य. गणित तीन मार्कांचं होतं. पास व्हायला पस्तीस लागत होते आणि ती बत्तिसावर अडकली होती.

नाव लिहीत नाही. तिनंच बजावलंय, "लिहायचं तर लिही, पण माझं नाव टाकू नको, कॉलेजचंबी टाकू नको. नाव दिसलं की लोक नावावर बोलत बसतात, गणित कुणी बघत न्हाई." म्हणून आधी गणितच सांगते.

मिथेन हा साधा रेणू. मधे एक कार्बन आणि त्यानं धरलेले चार हायड्रोजन. हे बंध तोडायचे तर बाहेरून ऊर्जा द्यावी लागते, पण चारही बंध सारख्या जोरानं तुटत नाहीत. पहिला हायड्रोजन काढायला एका मोलमागे चारशे सत्तावीस किलोज्यूल लागतात, दुसऱ्याला चारशे एकोणचाळीस, तिसऱ्याला चारशे बावन्न, आणि शेवटचा तीनशे सत्तेचाळीसात सुटतो. एक हायड्रोजन निघाला की मागं उरलेला तुकडा पहिल्यासारखा राहत नाही, म्हणून आकडे बदलतात. चारांची बेरीज सोळाशे पासष्ट. भागिले चार. चारशे सोळा आणि वर पाव. याला सरासरी बंध-ऊर्जा म्हणायचं; वर्गात आम्ही बॉन्ड एनर्जी म्हणायचो. चारांतल्या एकाही बंधाला नेमके चारशे सोळा लागत नाहीत, तरी हिशेबाला हा आकडा चालतो. अट एकच. चारही मोजले पाहिजेत.

आमच्या वर्गानं तीनच मोजले. काहून मोजले तेही सांगते, आणि त्यात माझा हात किती होता तेही. हे सांगायला मला चार वर्षं लागली. मधल्या काळात मी पत्रकं लिहायला शिकले. एसटीच्या फेऱ्यांसाठी, होस्टेलच्या पाण्यासाठी, पासाच्या रांगेसाठी, दुसऱ्यांच्या वतीनं पंचवीस-तीस पत्रकं लिहिली. हे एक लिहायचं राहिलं होतं.

आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राची जागा रिकामी होती. प्रयोगशाळा होती, कुलूप होतं, किल्ली शिपायाच्या कमरेला होती, शिक्षक नव्हता. वरून जागा भरली जात नव्हती आणि खालून कुणी विचारत नव्हतं. मग वनस्पतिशास्त्राच्या सरांना तासिकेवर हा विषय दिला. ते वाशिमहून एसटीनं यायचे. माणूस वाईट नव्हता. पानाची शीर, मुळाचं टोक शिकवताना त्यांचा चेहरा खुलायचा. रसायनशास्त्र आलं की ते फळ्याकडं तोंड करून बोलायचे.

त्यांना आधार होता तो वहीचा. आमच्याकडं चालच आहे, आदल्या वर्षी जो पहिला आला त्याची वही पुढच्या वर्गाकडं येते. पुस्तक कुणी उघडत नाही. पुस्तकात सगळंच असतं, वहीत परीक्षेपुरतं असतं. आमच्या आदल्या वर्षी पहिली आलेली मुलगी वसमतकडच्या हट्ट्याची होती. तिची वही एका दिवसापुरती आली, लांब, फुलस्केप, निळ्या शाईची. सर म्हणाले, एकीनं एक चांगली प्रत काढा, तिच्यावरून सगळ्यांनी काढा. मी कनेरगाव नाक्याहून जाऊन-येऊन करायचे, माझं सगळं जगणं बसस्टँडच्या आसपास, झेरॉक्सचं दुकान समोर. वही माझ्याकडं आली.

झेरॉक्सवाल्यानं पहिलंच पान काचेवर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, वही लांब हाय. खालून कटून राहिली. बारीक करू का?"

"बारीक केलं तर अक्षर दिसंल का?"

"दिसंल. पण एकेक पान बराबर बसवून काढावं लागंल. टाइम लागंल."

माझी साडेपाचची गाडी फलाटाला लागलेली दिसत होती. ती चुकली तर पुढची साडेसातला, आणि घरी कुणी ऐकून घेणारं नव्हतं. मी म्हणाले, "काढा तशीच."

"मंग नंतर म्हणू नका."

नंतर मी काही म्हणालेच नाही. पानं बगलेत धरून गाडीत चढले आणि खिडकी मिळाली याचाच आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मूळ वही हट्ट्याला परत गेली. माझ्या प्रतीवरून साठ प्रती निघाल्या. एक सरांनीही घेतली.

प्रत्येक पानाची शेवटची ओळ गेली होती.

तुम्ही म्हणाल, साठ जणांपैकी एकाच्याही लक्षात कसं आलं नाही? तेच तर मी इतकी वर्षं स्वतःला विचारून राहिले. एन्थाल्पीची व्याख्या "ॲट कॉन्स्टंट" या शब्दावर संपायची आणि पुढच्या पानावर दुसराच मुद्दा सुरू व्हायचा. काय कॉन्स्टंट, दाब का तापमान, कुणी विचारलं नाही. आम्ही मराठी शाळांतून आलेलो, अकरावीला अचानक सगळं इंग्रजीत. निम्मं तसंही कळत नव्हतं. न कळलेलं वाक्य पूर्ण का अर्धं, कसं ओळखायचं? आम्ही तुटलेलं वाक्य तुटलेल्या जागेपर्यंत पाठ केलं. सरांनी फळ्यावर "कॉन्स्टंट" लिहून पूर्णविराम दिला. पूर्णविराम दिल्यावर शंका कसली?

मैत्रिणीनं प्रत घेतली नव्हती. तिची वाडी कनेरगाव नाक्यापासून पायवाटेनं दोन किलोमीटर. घरी मेंढरं. वडील वर्षातले सात-आठ महिने कळप घेऊन वऱ्हाडाकडं, खतासाठी लोकांच्या शेतात मेंढरं बसवत फिरायचे. आई त्यांच्यासोबत. ही चुलत्याकडं राहून शिकायची. तिचं इंग्रजी माझ्याहून कच्चं होतं, पण न कळलेलं पाठ करायचं म्हटलं की तिला मळमळायचं; हा तिचाच शब्द. कॉलेजच्या ग्रंथालयात रसायनशास्त्राचं एकच जाड पुस्तक होतं, ते घरी देत नसत. ती रोज मधल्या सुट्टीत तिथं जाऊन बसायची, डबासुद्धा बाहेरच्या पायरीवर घाईत खायची, आणि पुस्तकातली गणितं वहीत उतरवून आणायची. मग बसस्टँडच्या बाकावर, गाडीची वाट बघताना, मला सांगायची.

"पाण्याचं बघ. पैला हायड्रोजन काढायला पाचशे दोन. दुसऱ्याला चारशे सत्तावीस. बेरीज नऊशे एकोणतीस. अर्धं कर."

"चारशे साडेचौसष्ट. पण दोन्ही हायड्रोजन सारखेच ना? मग फरक काहून?"

"पैला निघाला तवा पाणी मोडलं. दुसरा निघायच्या टायमाला पाणी हाय कुठं? ओएच हाय. तू वेगळ्याच घरातून माणूस काढून राहिलीस."

"मग सरासरी कशाला काढायची? खरे आकडे आहेत ना."

"दरवेळी सगळं मोडून बघता येतं का बाई? एक आकडा धरायचा अन् चालायचं. पण एक जरी मोजायचा राहिला तर तो आकडा खोटा." आणि मग, "गाडी आली, ऊठ."

मी हे ऐकलं, समजलं, आणि घरी जाऊन झेरॉक्सच पाठ केली. कारण पेपर सर काढणार होते.

सहामाहीचा पेपर सरांनी हातानं लिहून काढला होता, त्याच झेरॉक्सवरून. मिथेनच्या गणितात तीनच पायऱ्या दिल्या होत्या. पहिली, दुसरी, आणि मग थेट चौथी. तिसरी त्या पानाची शेवटची ओळ होती. आम्ही तिघांची बेरीज केली, बाराशे तेरा, भागिले तीन, चारशे चार. प्रत घेतलेल्या साठही जणांचं उत्तर एकच. एवढं एकमत आमच्या वर्गात दुसऱ्या कशावर झालं नाही.

तिनं काय लिहिलं ते मला पाठ आहे. दिलेल्या तीन समीकरणांखाली तिनं मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, एक पायरी राहिली आहे. मग पुस्तकातली पायरी आणि चारशे बावन्न हा आकडा स्वतः घातला, बेरीज केली, चारनं भागलं. चारशे सोळा आणि पाव, किलोज्यूल प्रति मोल. एककसुद्धा लिहिलं होतं, जे आमच्यातल्या निम्म्यांनी लिहिलं नव्हतं.

त्या तिसऱ्या तासाला ती उठून पेपर घेऊन सरांच्या टेबलाशी गेली. "सर, दुसऱ्या ओळीत सीएचटू बाहेर आलं. पुढच्या ओळीत सीएच मोडून राहिलंय. मंग सीएचटू गेलं कुठं?"

सरांनी त्यांची प्रत उघडली, बघितली, आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "प्रश्नात दिलेल्या माहितीवर सोडवायचं. आपल्या मनाचं घालायचं नाही."

"मनाचं न्हाई सर, पुस्तकातलं हाय."

मागच्या बाकावरून एक मुलगा बोलला, "मेंढरं मोजायची सवय हाय सर, एक कमी पडलं की झोप लागत न्हाई." वर्ग हसला. मीही हसले. ओठ दाबून, पण हसले. मला छत्तीस होते, त्यातले तीन चारशे चारचे. ती परत येऊन बसली तेव्हा मी माझा पेपर उलटा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी फळ्याशेजारी यादी लागली. रसायनशास्त्रात पस्तिसाच्या खाली असलेल्यांनी पालकांना घेऊन यायचं. वरकरणी भेट, पण खरी गोष्ट सगळ्यांना माहीत होती. बोर्डाचे फॉर्म जायला आठ दिवस होते, आणि कॉलेजला आपल्या निकालाची सरासरी वर न्यायची होती. जो नापास होईल असं वाटतं त्याचा फॉर्मच पाठवायचा नाही. पण तसं काढून टाकता येत नाही, म्हणून त्याच्याकडूनच अर्ज घ्यायचा: मी स्वेच्छेने नाव कमी करत आहे. नाव गेलं की वर्ष गेलं. सायन्सला बाहेरून बसता येत नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा तर आर्ट्सला. तिला नर्सिंगला जायचं होतं. आर्ट्सवर तिथं कुणी उभं करणार नव्हतं.

यादीत सात नावं होती. सातवं तिचं.

मला त्या दिवशी गाडीत बसायला जागा होती तरी मी उभीच राहिले. एक वाक्य डोक्यातून जाईना. खालून कटून राहिली, बारीक करू का? घरी येऊन झेरॉक्स काढली आणि प्रत्येक पानाचा शेवट पुढच्या पानाच्या सुरुवातीशी लावून बघितला. एकही जुळेना. तरी मनाला समजावलं, वहीच अशी असेल. ती हट्ट्याची मुलगीच चुकली असेल. पटलं नाही. रविवारी घरी खोटं सांगून निघाले, हिंगोली, औंढ्याला गाडी बदलून हट्टा.

सोयाबीनच्या मळणीचे दिवस होते, रस्त्याला धुरळाच धुरळा. घर सापडलं. मागच्या वर्षीची पहिली आलेली मुलगी ओसरीवर शेंगा निवडत बसली होती. मी झेरॉक्स पुढं केली. तिनं पान उलटलं, परत उलटलं, आणि हसायला लागली.

"अगं, खालच्या ओळी कुठायत?"

"तुझ्या वहीत आहेत का?"

"न्हाई तर काय? मी काय अर्धं लिवून पैली आले का?" तिनं आतून वही आणली. मिथेनचं पान. अगदी तळाला, रेघेखाली दाबून लिहिलेली तिसरी पायरी आणि चारशे बावन्न. "तुमी सगळे ह्याच्यावर अभ्यास करून राहिलात? सरबी?" मग तिचं हसणं थांबलं. "माझं नाव नका गं घेऊ यात."

"वही दोन दिवस देते का?"

तिनं दिली. वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि तीनदा म्हणाली, आणून दे.

सोमवारी गाडीत मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. झेरॉक्स, साडेपाचची गाडी, "काढा तशीच" पर्यंत. वाटलं होतं ती चिडेल. ती वहीच्या त्या ओळीवर बोट ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "चारशे बावन्नच हाय ना? मला वाटलं, मीच चुकीचं पाठ केलं का काय. चार दिवस झाले, त्याच भेवानं जेवण गेलं न्हाई." आणि थोड्या वेळानं, "तू सरला सांगशील?"

"सांगते."

"तुझे तीन जातील."

मी वही परत वर्तमानपत्रात गुंडाळून दप्तरात घातली.

सर व्हरांड्यात भेटले. वही दाखवली. त्यांनी ती ओळ वाचली आणि चष्मा काढून पुसला, दोनदा. "बरोबर आहे तिचं," ते हळू म्हणाले. "पण आता काय करू सांग? साठ पेपर परत तपासले तर चारशे चारवाल्या सगळ्यांचे तीन-तीन जातात. पस्तीस, छत्तीस, सदतीसवाले किती आहेत माहीत आहे? चौदा. ते सगळे यादीत येतील. आणि मी तासिकेवरचा माणूस. मला वनस्पतिशास्त्राचे तास आहेत म्हणून ठेवलंय इथं." मग म्हणाले, "तुला किती आहेत गं?"

"छत्तीस."

"हं," ते म्हणाले. वही त्यांनी माझ्या हातात परत दिली, मी मागितली नसताना.

ही गोष्ट वर्गात कशी पसरली मला माहीत नाही. दुपारी पाण्याच्या टाकीजवळ चौघींनी मला अडवलं. "आमी काय केलं गं तुझं? एकीसाठी चौदा जणांना खड्ड्यात घालते?" दुसरी म्हणाली, "झेरॉक्स तर तूच काढली. तुझ्या चुकीचं आमी भरायचं?" तिसरी नुसती रडत होती, तिला पस्तीस होते. मागच्या बाकावरचा तो मुलगा जाता जाता म्हणाला, "पत्रक काढ आता. मेंढरांना न्याय द्या म्हणून."

मला त्यांचा राग आला नाही. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. चौदा जणांचं भलं होतंय, असं म्हणून गप्प बसायला एक चांगलं कारण मिळालं होतं. उपाय अगदी सोपा होता, तो मला आज दिसतो: चूक वहीची, तर चारशे चारवाल्यांचे मार्क राहू द्या, आणि चारशे सोळाला तीन द्या. कुणाचंच काही जात नव्हतं. पण भ्यालेल्या माणसाला सोपं दिसत नाही. आठ दिवसांत मला एकदाही हे सुचलं नाही.

शेवटचा दिवस. तिचे वडील वाशिमच्या पलीकडून आले, कळप सोबतच्या भावावर टाकून. प्राचार्यांच्या खोलीत ते, ती, आणि दाराशी मी, दप्तरात वही. प्राचार्यांनी खुर्ची दाखवली, ते उभेच राहिले. टेबलावर अर्ज तयार होता. फक्त सही.

ते म्हणाले, "साहेब, लेकरानं चूक केली असंल तर करतो सई. चूक काय ते दाखवा."

प्राचार्यांनी पेपर काढून मिथेनचं पान समोर केलं. "हे बघा. प्रश्नात नाही ते लिहिलंय. तीन मार्क गेले. बाकीच्या प्रश्नांतही गेलेत, एकट्या ह्यातच नाही."

वडिलांनी लाल रेघेकडं बघितलं. मग माझ्याकडं वळले. "माय, तू वाच बरं. इंग्रजीत काय लिवलंय तिनं?"

मी पुढं झाले. "एक पायरी राहिली आहे, असं लिहिलंय."

"मंग राहिली व्हती का?"

खोलीत पंखा होता, तो बंद होता. मी म्हणाले, "व्हय." आणि वही काढून टेबलावर ठेवली, पान उघडून. प्राचार्यांनी ती ओळ वाचली, झेरॉक्सशी लावून बघितली. त्यांना अर्ध्या मिनिटात सगळं कळलं. ते हुशार होते.

"हिचं उत्तर बरोबर धरायचं तर तुमचं चूक धरावं लागतं," ते मला म्हणाले. "तुझं उत्तर काय होतं?"

"चारशे चार."

"मार्क?"

"छत्तीस."

"मग तेहतीस करू? त्या यादीत सातवं नाव तुझं घालतो, हिचं काढतो. बोल. लिहून दे."

त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला, त्यावर पेन ठेवलं. तिचे वडील माझ्याकडं बघत होते, रागानं नाही. मी आता काय करते ते बघत होते. तीसुद्धा. मला आईचा चेहरा दिसला. साडेपाचची गाडी दिसली.

मी वही मिटली आणि दप्तरात घातली.

ती म्हणाली, "आबा, करा सई. गाडी निघंल." वडिलांनी अंगठ्याशेजारच्या बोटानं अर्जावरची जागा चाचपली आणि सही केली. त्यांना सही येत होती. बाहेर व्हरांड्यात तिनं मला विचारलं, "हट्ट्याची वही कधी परत करते?" दुसरं काही नाही.

मी बारावी पास झाले. चौदाच्या चौदा जण बोर्डाच्या परीक्षेला बसले. तिनं पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून आर्ट्स केलं. नर्सिंगला नांदेडला गेली तर सायन्स नाही म्हणून परत पाठवलं. या वर्षी तिनं ठरवलं, बारावी सायन्स परत करायची, नवीन कॉलेजात. तिथल्या बाबूनं तिची टीसी बघितली आणि वाचून दाखवली: अभ्यासात प्रगती असमाधानकारक, स्वेच्छेने नाव कमी. म्हणाला, हा शेरा बदलून आणा, मग बघू. प्रवेशाची मुदत पंधरा दिवस.

आम्ही दोघी आमच्या जुन्या कॉलेजात गेलो. प्राचार्य बदललेत, वनस्पतिशास्त्राचे सर वाशिमलाच कुठंतरी लागलेत. मी माझं लिहून दिलं, चार वर्षं उशिरा: झेरॉक्स मी काढली, खालून कटते हे मला सांगितलं होतं, माझे छत्तीस खरे तेहतीस होते. नवीन प्राचार्यांनी वाचलं आणि म्हणाले, "तुम्ही तिच्या मैत्रीण. एकीच्या सांगण्यावर शेरा बदलता येत नाही. वर्गातल्या आणखी काहींचं लेखी आणा." आम्ही अकरा घरं फिरलो. चहा सगळीकडं मिळाला. सही एकाही घरी मिळाली नाही. "आता कशाला जुनं उकरायचं?" "माझं डीएडचं चालू हाय, काही झालं तर?" ती प्रत्येक घरातून बाहेर पडताना उंबऱ्यात थांबून पायातली चप्पल नीट करायची, आणि मग म्हणायची, "पुढचं घर कोणतं?"

आज पंधरातले सहा दिवस राहिलेत.

तुम्ही त्या वर्गात होता. हे वाचून राहिलात म्हणजे कळलंच असेल मी कुणाशी बोलते. तुमचा बोर्डाचा निकाल कुणी उघडणार नाही, तुमची नोकरी जाणार नाही, तुमचे तीन मार्क तुमच्याकडंच राहतील. एका कागदावर लिहा: मी चारशे चार लिहिलं, ते चुकीचं होतं, मला तीन मार्क मिळाले, तिनं चारशे सोळा लिहिलं, ते बरोबर होतं, तिला शून्य मिळालं. खाली पूर्ण नाव, सही. आणि त्या वर्गात नव्हता पण त्यातला कुणी तुमच्या घरात, गल्लीत, ऑफिसात असेल, तर हे त्याच्या हातात द्या आणि त्यानं लिहीपर्यंत तिथून हलू नका. कागद घेऊन सोमवारी सकाळी अकराला आपल्या जुन्या कॉलेजच्या ऑफिसात या. स्वतः या.